फार्म.डी.च्या इंटरव्ह्यूला जाताना

नमस्कार मंडळी. मागे बसलेत त्यांनी जरा पुढे या, माईक मधेमधे दम तोडतोय. विषय फार्मसी स्कूलच्या, म्हणजे इथे फार्मसिस्ट व्हायला लागणाऱ्या फार्म.डी. डिग्रीच्या, इंटरव्ह्यूचा आहे पण समोर मुलांपेक्षा आईबाबाच जास्त दिसतायत, तर आधी तुमच्याशीच बोलतो.

आपल्यातले जे महाराष्ट्रात बी.फार्म. झाले त्यांनी ॲडमिशनसाठी इंटरव्ह्यू दिलेलाच नाही. तिकडे आजही एमएचटी-सीईटीचा स्कोअर, कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म, नंबर लागला की कागदपत्रांची फाइल काखेत मारून रांगेत. बाबा रे तुला फार्मसीच का करायचीय, असं कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर आमच्या अर्ध्या वर्गाने मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून, एवढंच सांगितलं असतं. त्यामुळे इथे अमेरिकेत मुलीला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं की आपल्याला वाटतं ही व्हायवा आहे, एक्स्टर्नल येणार आणि रिॲक्शन विचारणार, मग आपण तिला महिनाभर ऑरगॅनिक केमिस्ट्रीला जुंपतो. केमिस्ट्री तिच्या ट्रान्सक्रिप्टवर आहे हो, ती त्यांनी वाचूनच बोलावलंय.

पूर्वी पीसीएटी नावाची प्रवेश परीक्षा असायची, ती जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली. आता उरलं काय, तर फार्मकॅस या सामायिक वेबसाइटवर भरलेला अर्ज, मार्क, शिफारसपत्रं आणि हा इंटरव्ह्यू. म्हणजे त्याचं वजन आपोआप वाढलं. आणि ही काही कॉलेजची हौस नाही, फार्म.डी.च्या कोर्सना मान्यता देणारी जी एसीपीई, तिच्या २०१६ च्या स्टँडर्ड्समध्येच लिहिलं होतं की उमेदवाराचा इंटरव्ह्यू घ्या आणि मार्कांत न दिसणाऱ्या गोष्टी त्यात बघा. मी स्वतः हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, विद्यार्थी माझ्याकडे रोटेशनला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ट्रेनिंगला, येतात, आणि त्या नात्याने कॉलेजवाले मला अधूनमधून इंटरव्ह्यू घ्यायला बोलावतात. म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. खरे प्रश्न सांगता येत नाहीत, तशी सही करून दिलेली असते, पण तशाच धर्तीचे मी बनवून आणलेत.

पहिला प्रश्न ठरलेलाच. फार्मसी का? यावर दहातले आठजण म्हणतात मला लोकांना मदत करायला आवडतं आणि सायन्स आवडतं. छान आहे. पण मग नर्स का नाही, फिजिओथेरपिस्ट का नाही? असा पुढचा प्रश्न आला की गाडी अडते, कारण उत्तर पाठ केलेलं असतं आणि त्याच्या पुढचं पान घरी राहिलेलं असतं.

आपल्या मुलांचं दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे आजी. आजी भारतातून आली, तिला खूप गोळ्या होत्या, ते बघून मला फार्मसीत यावंसं वाटलं. मला आजीबद्दल तक्रार नाही, पण ही गोष्ट एकाच दिवशी चार वेळा ऐकली की पाचव्या वेळी पॅनेलवरचा माणूस कॉफीकडे बघायला लागतो. आता तीच आजी एका मुलीने कशी सांगितली बघा. आजी पडली म्हणून ईआरमध्ये नेलं, आजीच्या पर्समध्ये सात-आठ स्ट्रिपा, सगळे इंडियन ब्रँड, डॉक्टरला एकही नाव ओळखीचं नाही. मुलीने प्रत्येक स्ट्रिप उलटी करून मागे बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचलं आणि कागदावर यादी केली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या स्ट्रिपांत ॲम्लोडिपिन आहे, एकीत एकटं आणि दुसरीत टेल्मिसार्टनबरोबर, म्हणजे आजी बीपीचं औषध डबल घेतेय आणि चक्कर कदाचित त्यानेच आली असेल. कदाचित, असं ती म्हणाली, हेही मला आवडलं. ही मुलगी जे करत होती त्याला आम्ही मेडिकेशन रिकन्सिलिएशन म्हणतो आणि त्याचाच आम्हाला पगार मिळतो, तिला तो शब्दही माहीत नव्हता. तेव्हा घरात आजी असेल तर आजी सांगा, पण स्ट्रिपेवर काय लिहिलं होतं तेही सांगा.

दुसरं, फार्मसिस्ट करतो काय हे ठाऊक असायला हवं. इथे बरेचजण गळपटतात. गोळ्या मोजून बाटलीत भरतो असं कोणी तोंडाने म्हणत नाही पण मनात तेच चित्र असतं. मेथोट्रेक्सेट घ्या. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदा असतं. प्रिस्क्रिप्शन टाकताना कोणाकडून तरी रोज एकदा असं पडतं, कॉम्प्युटरला त्यात काही वाटत नाही, टेक्निशियन बाटली भरतो, आणि शेवटी तपासणारा फार्मसिस्ट थबकला नाही तर पेशंटचा बोनमॅरो जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. या चुका खरोखर झाल्यात. असं एखादं उदाहरण तुमच्याकडे असेल, तेही कोणाकडून तरी समजून घेतलेलं, नुसतं इंटरनेटवरून उचललेलं नाही, तर संभाषण तिथूनच रंगतं. इथल्या दुकानात फार्मसिस्ट लस टोचतो, इन्शुरन्सशी भांडतो, प्रायर ऑथरायझेशनसाठी, म्हणजे इन्शुरन्सने औषधाला आधी द्यायच्या मंजुरीसाठी, डॉक्टरच्या ऑफिसला तिसऱ्यांदा फोन लावतो, आणि १९९० च्या ओब्रा कायद्यानंतर मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याच्या, पेशंटला औषध समजावून सांगायची तयारी दाखवणं हे तर कायद्यानेच त्याच्यावर टाकलंय. हे सगळं घरी बसून कळत नाही. जवळच्या फार्मसीत टेक्निशियन म्हणून पार्ट-टाइम लागा, स्टेट बोर्डाकडे रजिस्ट्रेशन लागतं, नियम राज्याप्रमाणे वेगळे आहेत ते बघून घ्या. ते नाही जमलं तर हॉस्पिटलात शॅडोइंग, म्हणजे फार्मसिस्टच्या मागे उभं राहून नुसतं बघणं. सोमवारी संध्याकाळी ड्राइव्ह-थ्रूला लाइन लागलेली असताना एक शिफ्ट काढलीत की फार्मसी का याचं उत्तर एक तर सापडतं नाहीतर बदलतं, आणि बदललं तरी फी भरायच्या आधी बदललेलं बरं.

आता एमएमआय. मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने हे काढलं, त्यावरचा त्यांचा पेपर २००४ चा, मेडिकलसाठी होतं पण पसरत पसरत फार्मसीतही आलं. सगळीकडे नसतं, काही ठिकाणी अजून दोघंतिघं समोर बसून साधा गप्पांसारखा इंटरव्ह्यू घेतात, काही ठिकाणी ग्रुपमध्ये बसवून काहीतरी ठरवायला सांगतात, आणि कोविडनंतर झूमवर घेणारे खूप झालेत, तेव्हा आमंत्रणाची ईमेल नीट वाचा. एमएमआयमध्ये दाराबाहेर एक प्रसंग लिहिलेला कागद, दोनेक मिनिटं वाचायला, मग आत सात-आठ मिनिटं, बेल वाजली की पुढची खोली. प्रत्येक खोलीत मार्क देणारा वेगळा माणूस. म्हणजे एका खोलीत माती झाली तरी पुढच्याला त्याचा पत्ताच नसतो, म्हणून मागचं मागे टाकून आत शिरा. हे सांगणं सोपं आहे, मुलांना जमत नाही, पुढच्या खोलीत मागचंच तोंड घेऊन येतात.

एक खोली आपण बघू. कागदावर लिहिलंय की तुम्ही फार्मसीत काम करता, समोर एक बाई आल्यात, त्यांच्या दम्याच्या इन्हेलरला इन्शुरन्सने नकार दिलाय, रोख घ्यायचा तर त्यांना परवडत नाही, त्या चिडल्यात. आत एक ॲक्टर बसलेली असते आणि ती खरंच ओरडते. एक मुलगा आत गेला आणि त्याने इन्शुरन्स कसा चालतो, फॉर्म्युलरी, म्हणजे इन्शुरन्सला चालणाऱ्या औषधांची यादी, काय असते, प्रायर ऑथरायझेशनला किती दिवस लागतात, हे सगळं अगदी बरोबर, पाच मिनिटं समजावलं. माहितीत चूक शून्य. बाई आणखी चिडल्या. दुसरी मुलगी गेली, तिला फॉर्म्युलरी माहीत नव्हती, तिने विचारलं, तुम्हाला आत्ता धाप लागतेय का? मग विचारलं, जुन्या इन्हेलरवर काउंटर असेल ना, त्यात किती पफ उरलेत? बाईंनी सांगितलं सहा. मग ती म्हणाली म्हणजे आजची रात्र निघेल का ते आधी बघू, मी फार्मसिस्टना बोलावते, डॉक्टरना फोन करून तुमच्या इन्शुरन्सला चालेल असा दुसरा इन्हेलर मिळतो का विचारू. तिने आश्वासन कुठलंही दिलं नाही. बेल वाजली तेव्हा प्रश्न सुटलेलाही नव्हता, तरी मार्क तिलाच जास्त, कारण तिला आधी पेशंट दिसला आणि त्याला इन्शुरन्स.

नैतिक पेचांचे प्रसंग असतात तेही याच जातीचे. मित्र परीक्षेत कॉपी करताना दिसला, किंवा ऑक्सिकोडोन, म्हणजे सवय लागू शकणारं जोरदार वेदनाशामक, आठवडाभर आधीच मागणारा माणूस आला आणि म्हणाला बाटली सिंकमध्ये सांडली. आपली मुलं इथे दोन टोकांना जातात, एक तर लगेच पोलिसांना फोन नाहीतर लगेच दया. अरे थांबा, विचारा. कायदा काय म्हणतो याची जुजबी माहिती असू द्या, म्हणजे ऑक्सिकोडोनसारख्या कडक नियंत्रणाखालच्या शेड्यूल टू औषधाला रिफिल नसतो, त्याला नवीन प्रिस्क्रिप्शनच लागतं, इतपत. पण तो माणूस खोटंच बोलतोय असं धरून चालू नका आणि खरंच बोलतोय असंही नको, त्याला खरोखर दुखत असेल ही शक्यता तोंडाने बोलून दाखवा. उत्तरापर्यंत तुम्ही कसे पोचलात ते मोठ्याने सांगा, कारण मार्क त्या वाटेला असतात.

सराव कसा करायचा? आईबाबांनी उत्तरं लिहून देऊ नयेत, ही हात जोडून विनंती. आम्हाला ते पहिल्या वाक्यात कळतं, एकोणीस वर्षांचं पोर अचानक पन्नाशीतल्या मॅनेजरसारखं बोलायला लागतं. त्यापेक्षा फोनवर टाइमर लावा, कुठलाही प्रसंग द्या, आठ मिनिटं बोलू द्या, रेकॉर्ड करा आणि पोराला एकट्याला ऐकू द्या. तुम्ही सुधारणा सांगू नका, त्याला स्वतःलाच लाज वाटते ती पुरेशी असते. ओळखीतलं कोणी भांडखोर असेल तर त्याला पेशंट करा, आपल्या मंडळात त्याची वानवा नाही.

शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का असं ते विचारतात, तेव्हा नाही म्हणू नका. शेवटच्या वर्षाची रोटेशन्स कुठे असतात ते विचारा, त्यांना एपीपीई म्हणतात, त्यांचे निदान १४४० तास असतात, ते घरापासून दोन तासांवरच्या गावात करावे लागणार असतील तर आधी कळलेलं चांगलं. नॅप्लेक्सचा, म्हणजे फार्मसिस्टच्या लायसन्स परीक्षेचा, निकाल मात्र विचारू नका, तो ती परीक्षा घेणारी एनएबीपी कॉलेजवार छापते, वाचून जा आणि घसरलेला दिसला तर त्याबद्दल काय करताय हे विचारा. असा प्रश्न विचारणारा मुलगा लक्षात राहतो.

कपड्यांबद्दल चिठ्ठी आलीय. सूट, साधा, झोपून उठल्यासारखा दिसणारा नको. झालं.

दुसरी चिठ्ठी जरा महत्त्वाची आहे. तिकडे चार वर्षांचं बी.फार्म. केलंय, लग्न होऊन इथे आले, आता फार्म.डी.ला अर्ज केलाय, इंटरव्ह्यूत काय सांगू? हे बऱ्याच जणींचं आहे. १ जानेवारी २००३ पासून पुढे ज्यांनी डिग्री घेतली त्यांना एफपीजीईईला, म्हणजे परदेशी फार्मसी डिग्रीवाल्यांसाठीच्या इथल्या परीक्षेला, बसायला पाच वर्षांचा कोर्स लागतो, त्यामुळे चार वर्षांच्या बी.फार्म.ला तो रस्ता बंद आहे, माझ्या वेळी उघडा होता एवढंच. तर ताई, तुम्हाला नक्की विचारणार की शिकलेलंच परत का शिकताय. तिथे नियमाचं रडगाणं गाऊ नका, आणि तिकडे सगळं थिअरीच होतं असं म्हणून स्वतःच्या कॉलेजला नावंही ठेवू नका. तुम्ही फार्मास्युटिक्सच्या लॅबमध्ये स्वतः हाताने टॅब्लेट बनवलीय, ती किती वेळात विरघळते याची डिसोल्यूशन टेस्ट केलीय, इथल्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी ते यंत्र पाहिलेलंही नसतं, तर ते सांगा. आणि मग सांगा की औषध कसं बनतं ते मला येतं, ते घेणाऱ्या माणसाशी बोलायचं शिक्षण मला मिळालं नाही, त्यासाठी आलेय. इंग्रजी अडखळलं तर अडखळू द्या. प्रश्न कळला नाही तर सरळ परत विचारा, त्याचे मार्क कोणी कापत नाही, काउंटरवर पण तेच करायचं असतं.

हां, मागून हात वर आलाय. बोला. माईक नका घेऊ, तो गेलाच आता.