घाटावर तयारी, समुद्रात लाट

(दृश्य: बेळगाव, शहापूर. जुन्या घराची पडवी, शहाबादी फरशी.)

नऊ फूट लांब, जवळजवळ दोन फूट रुंद, पुढचं टोक गोलसर. मधोमध एक सरळ रेघ. फरशीवर खडूने आखलेला हा सर्फबोर्ड. त्यावर पालथे पडलेले गृहस्थ चव्वेचाळीस वर्षांचे आहेत, बँकेत नोकरीला. बरगड्यांशेजारी तळवे टेकवून ते एका झटक्यात अंग उचलतात आणि पाय पोटाखाली ओढून उभे राहतात. पावलं मधल्या रेघेवर पडायला हवी होती. मागचं पाऊल चार बोटं बाहेर गेलंय. वहिनी वाकून तिथे खडूने फुली मारतात.

"भाऊजी, गुडघा टेकलात."

"नाही हो वहिनी, कुठे टेकला?"

"टेकला की. घामाचा डाग बघा फरशीवर."

वहिनी मूळच्या खानापूर तालुक्यातल्या, शाळेत शिकवतात. दीर-भावजय दोघंही सर्फिंग शिकतायत, आणि दोघांच्याही शहरात समुद्र नाही.

(दृश्य: चोर्ला घाट. पहाटेचं धुकं, भाजीच्या गाड्या.)

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचावर. उत्तर गोव्याचा किनारा इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता कणकुंबीवरून जातो. तिथे उगम पावणारी मलप्रभा समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. गोव्याच्या बाजारात जाणारी आपल्याकडची भाजी रोज याच घाटाने खाली जाते. आता शनिवारी त्याच वाटेने नोकरी-धंदा सांभाळणारी, पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली माणसंही लाटेवर उभं राहायला निघतात.

त्यांना समुद्र मिळतो तो महिन्यातून एखाद्या वेळी, सकाळचे दोन तास. ते दोन तास दम लागण्यात आणि चुकीच्या बोर्डशी झगडण्यात घालवायचे नसतील, तर अंगाची तयारी घाटावरच व्हायला हवी आणि कोणता बोर्ड मागायचा हे घरूनच ठरवून जायला हवं.

सर्फिंग म्हटलं की लाटेवर उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात उभं राहण्याचा वेळ फार थोडा. सर्फर पाण्यात काय काय करतात हे अभ्यासकांनी घड्याळ लावून मोजलंय. जवळपास निम्मा वेळ बोर्डवर पालथं पडून दोन्ही हातांनी पाणी मागे ओढण्यात जातो. याला पॅडल मारणं म्हणतात. बराच वेळ लाटेची वाट बघण्यात जातो. लाटेवरचा वेळ शंभरात दहा मिनिटंसुद्धा भरत नाही. तेव्हा खांदे, पाठ आणि दम यांची तयारी आधी. पायांची पाळी नंतर.

(दृश्य: तालीम. लाल माती, जोर मारणारी मुलं, छताला बांधलेला दोर.)

आपल्या भागाला तालमीचं वळण आहे, ते इथे कामाला येतं. जोर मारताना तळव्यांवर अंग तोलून छाती जमिनीलगत पुढे काढायची आणि वर उचलायची असते. बोर्डवर उठण्याची, म्हणजे पॉप-अपची सुरुवात जवळपास अशीच. बैठकांनी गुडघे वाकवून टिकून राहायची सवय लागते. सूर्यनमस्कार घालणाऱ्याची पाठ आणि खुबे मोकळे असतात.

पण एक मोठी जागा रिकामी राहते. जोर म्हणजे ढकलणं, जिममधला बेंच प्रेस म्हणजेही ढकलणं. पॅडल म्हणजे ओढणं. भाऊजींची छाती जिममध्ये कमावलेली, तरी पहिल्या दिवशी थोड्याच वेळात त्यांचे हात पाण्यातून उचलेनात. लहानपणी माहेरच्या विहिरीवर रहाट ओढलेल्या आणि त्याच विहिरीत पोहलेल्या वहिनी त्यांच्यापुढे टिकल्या. ओढण्याचा व्यायाम मुद्दाम धरावा लागतो तो म्हणूनच. तालमीतल्या दोराला लोंबकळणं, जमेल तसं वर चढणं. घरी खिडकीच्या गजाला व्यायामाचं रबर बांधायचं, कंबरेत किंचित वाकायचं आणि हात सरळ ठेवून ते मांडीपर्यंत मागे ओढायचं. जोडीला शलभासन, म्हणजे पाठीचा खालचा भाग पालथं पडून राहायला सरावतो. आठवड्यातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास, निदान सहा-आठ आठवडे. एवढं झाल्याशिवाय घाट उतरण्याची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांचे खांदे पुढे आलेले असतात. अशा खांद्याने पॅडल मारलं की आतले स्नायुबंध दुखावतात. हात डोक्यावर सरळ नेऊन कानाला लागतो का, ते आधी भिंतीला पाठ लावून बघा. लागत नसेल तर आधी खांदा मोकळा करा, मग जोर वाढवा. मधुमेह असणाऱ्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. त्यांनी, आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण किनाऱ्यावर ती क्वचितच कानावर पडते. २००४ मध्ये हवाईतल्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे नवशिके सर्फर. कुणी आपटलं नव्हतं, कुणाला बोर्ड लागला नव्हता. बोर्डवर पालथं पडून, मान आणि पाठ मागे ताणून बराच वेळ राहिल्यावर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा बिघडला आणि पायांतली ताकद गेली. या विकाराला सर्फर्स मायलोपॅथी म्हणतात. तो अतिशय दुर्मीळ आहे, घाबरून घरी बसण्याचं कारण नाही. पण तो होतो तो बहुतेक नवख्यांनाच. त्यामुळे पहिल्या दिवसांत दर काही मिनिटांनी बोर्डवर उठून बसा, पाठ सैल करा. पाठीत अचानक कळ आली, पाय बधिर झाले किंवा जड वाटले, तर ‘एवढी एक लाट घेतो’ म्हणायचं नाही. तडक बाहेर यायचं आणि इस्पितळ गाठायचं.

(दृश्य: शेतातली विहीर. मुटका मारणारी मुलं.)

पोहणं. आपल्या खेड्यांत पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली पिढी चाळिशीत आहे. त्यांना पाण्याची भीती नसते आणि ही मोठी शिदोरी आहे. पण विहिरीत चार हात मारले की काठ येतो. समुद्रात काठ लांब असतो आणि तोंडावर पाणी येत राहतं. म्हणून तलावावर जाऊन दोनशे मीटर न थांबता पोहता येतं का ते बघा, तळाला पाय न टेकता पाच मिनिटं तरंगून राहता येतं का ते बघा. मान एका बाजूला वळवून श्वास घेण्याची लय जमली की पॅडलचा दम आपोआप वाढतो. श्वास कोंडण्याचा सराव एकट्याने पाण्यात करू नका. त्यात पोहणाऱ्याची शुद्ध हरपते आणि ती हरपतेय हे त्याला कळतही नाही. नवशिका ज्या कंबरभर फेसाळ पाण्यात शिकतो तिथली लाट माणसाला काही सेकंदच खाली ठेवते. तेवढा वेळ हात डोक्याभोवती घेऊन शांत राहता आलं की पुरे.

(दृश्य: मांद्रे किनारा, सकाळ. वाळूत ओळीने ठेवलेले बोर्ड.)

आता बोर्ड. भाऊजी पहिल्यांदा इथे आले तेव्हा त्यांची नजर गेली ती टोकदार, चकचकीत, सहा फुटी बोर्डवर. दिसायला देखणा, काखेत मावणारा. जवळजवळ प्रत्येकाची नजर तिथेच जाते.

बोर्ड किती लिटरचा आहे ते आधी विचारावं. लिटर म्हणजे त्याचं घनफळ. बोर्ड पूर्ण बुडाला तर जितकं लिटर पाणी बाजूला सारतो, साधारण तितके किलो वजन पाणी उचलून धरतं. तो चकचकीत बोर्ड असतो पंचवीस-तीस लिटरचा. ऐंशी किलोचा माणूस त्यावर पालथा पडला की बोर्ड पाण्याखाली जातो आणि छातीपर्यंत बुडालेल्या अंगाने पॅडल मारावं लागतं. अनुभवी सर्फर वेगाच्या जोरावर त्याला पाण्यावर धरून ठेवतो, नवख्याकडे तो वेग नसतो. प्रौढ नवशिक्याने आपल्या वजनाच्या किलोइतके तरी लिटर मागावेत, थोडे जास्तच. आठ ते नऊ फुटी, रुंद, स्पंजासारख्या मऊ आवरणाचा बोर्ड, ज्याला सगळे सॉफ्ट-टॉप म्हणतात. नऊ फुटी सॉफ्ट-टॉप बहुधा ऐंशी-नव्वद लिटरचा भरतो. तो पाण्यावर उंच तरंगतो, कमी कष्टात पुढे सरकतो आणि लाट उभी राहून फुटायच्या आधीच तिला पकडतो. उठायला दोन क्षण जास्त मिळतात, आणि चाळिशीच्या गुडघ्यांना त्या दोन क्षणांचीच गरज असते.

मऊ आवरणाचं दुसरं कारण सुरक्षेचं. सुरुवातीला सर्वांत जास्त मार लागतो तो स्वतःच्याच बोर्डचा. खालचे पंख, म्हणजे फिन, रबरी किंवा लवचीक प्लास्टिकचे आहेत ना, हे बोट फिरवून बघा. धारदार फिन असतील तर बोर्ड बदलून मागा, संकोच करू नका.

लीश म्हणजे बोर्ड आणि घोटा जोडणारी दोरी. ती बोर्डच्या लांबीएवढी किंवा थोडी जास्त. बांधायची ती मागच्या पायाच्या घोट्याला, दोरी बाहेरच्या आणि मागच्या अंगाला येईल अशी, म्हणजे उभं राहताना पायात अडकत नाही. मागचा पाय कोणता, हे घरीच ठरवता येतं. मागून कुणीतरी हलकेच ढकलावं. तोल सावरायला जो पाय पुढे पडतो, तो बहुतेकांचा पुढचा पाय.

"माझा उजवा पुढे येतोय, चालतं का?" वहिनी विचारतात.

चालतं. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांना सर्फर ‘गूफी’ म्हणतात, डावा पुढे ठेवणाऱ्यांना ‘रेग्युलर’. दोन्हीकडे चांगले सर्फर आहेत.

कपड्यांचा विचार बायकांना जास्त करावा लागतो, तो मोकळेपणाने बोललेला बरा. सुती कुर्ता, सलवार, टी-शर्ट पाणी पिऊन जड होतात आणि अंगाला गुंडाळले जातात. पूर्ण बाह्यांचा घट्ट रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगासरशी शर्ट, आणि घोट्यापर्यंतची स्विम लेगिंग घाला. अंग झाकलं जातं, ऊन लागत नाही आणि बोर्डवर घासून पोट-छाती सोलवटत नाही. पुरुषांनीही उघड्या छातीने जाऊ नये, संध्याकाळी फार झोंबतं. आपल्या किनाऱ्यावर पाणी कोमट असतं, गार पाण्यात ऊब देणारा रबरी वेटसूट लागत नाही. त्यावर पैसे घालू नका. मंगळसूत्र, साखळ्या, अंगठ्या मुक्कामाच्या ठिकाणी काढून ठेवा. चष्म्याचा नंबर कमी असेल तर तोही. जास्त असेल तर डोक्यामागून घट्ट बसणारा पट्टा लावा.

(दृश्य: पहाटे साडेसहा. आरशासारखा समुद्र.)

पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे असतो, पाणी गुळगुळीत राहतं. ऊन चढलं की वारा उलटा फिरतो आणि लाटा विस्कटतात. रविवारी सकाळी बेळगावहून निघून दहाला पोचणाऱ्याच्या हाती हाच विस्कटलेला समुद्र लागतो. म्हणून शनिवारी मुक्काम करावा. रात्री हलकं जेवावं, दारूला हात लावू नये. परतीलाही घाई नको. थकलेल्या खांद्यांनी अंधारात घाट चढवणं ही समुद्रापेक्षा मोठी जोखीम आहे. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र शिकाऊ माणसासाठी नाही, आणि किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर कोणत्याच महिन्यात आत जायचं नाही.

पहिले काही दिवस प्रशिक्षक घ्याच. कर्नाटकच्या किनाऱ्यावर मुल्कीला २००४ पासून सर्फिंगची शाळा रुजली आहे. गोव्यात मांद्रे, आश्वे, मोरजीच्या बाजूला शिकवणारे आहेत. कोकणी, कन्नड, हिंदी यांपैकी काही ना काही चालतंच, आणि बेळगावच्या माणसाला या तिन्ही भाषा घरच्यासारख्या.

पाण्यातले नियम प्रशिक्षक सांगतीलच, तरी दोन इथेच लक्षात ठेवा. बोर्ड कधीही आपल्या आणि येणाऱ्या लाटेच्या मध्ये धरायचा नाही. लाट तो थेट अंगावर आणते. आणि प्रवाह आत ओढू लागला तर किनाऱ्याच्या दिशेने झगडायचं नाही. बोर्ड सोडायचा नाही, हात वर करून मदत मागायची आणि किनाऱ्याला समांतर पॅडल मारून ओढीच्या बाहेर पडायचं.

(दृश्य: वाळूत दोन बोर्ड. वहिनी एकावर अंगठा दाबून बघताहेत.)

बोर्ड विकत घ्यायची घाई नको. महिन्यातून एकदा येणाऱ्याला भाड्याचा बोर्ड बरा. नऊ फुटी बोर्ड बेळगावच्या फ्लॅटच्या जिन्यातून वर नेणंच अवघड. फेसाळ पाणी सोडून न फुटलेली लाट स्वतः पकडता यायला लागली, दहापैकी निम्म्या वेळा तरी उभं राहता आलं, की स्वतःच्या बोर्डचा विचार करा. तोही आधी जुना, आणि परत मोठाच. जुना बोर्ड घेताना आवरण सगळीकडे अंगठ्याने दाबून बघा. कुठे फुगलेलं किंवा सुटलेलं असेल तर आत पाणी शिरलंय. उचलून बघा, तशाच दुसऱ्या बोर्डपेक्षा जड लागला तर नको. फिन बसवायच्या खाचा हलवून बघा. गाडीच्या टपावर नेताना खाली मऊ पट्टे घाला, आणि वाटेत चहाला थांबलात तर गाडी सावलीत लावा, उन्हात तापून आवरण सुटतं. लीश मात्र जुनी घेऊ नका. मिठाने आणि उन्हाने ती आतून कुजलेली असते, वरून कळत नाही. तेवढी नवीन घ्या.