रोमचं बंदर रोममध्ये नाही : चिविताव्हेक्कियाहून रेल्वेने रोम

[दृश्य: सकाळी धक्क्याला लागलेलं मोठं जहाज, मागे मालवाहू क्रेन]

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या पत्रकात एका दिवसासमोर 'रोम' असं छापलेलं असतं. जहाज मात्र रोमला जात नाही. ते थांबतं चिविताव्हेक्किया या गावी, रोमच्या वायव्येला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. रोमन सम्राट ट्राजनने दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला इथे बंदर बांधून घेतलं, आणि १८५९ पासून इथून रोमपर्यंत रेल्वे आहे. म्हणजे जहाजातून उतरून रोम गाठण्याची ही वाट चांगलीच रुळलेली आहे.

जहाजाच्या सहल-काउंटरवर रोमची बस मिळते. पण एका कुटुंबाची चार तिकिटं काढली की त्या रकमेत भारतात एखादी छोटी सहल होते. रेल्वेने एका बाजूचा प्रवास माणशी पाच युरोंच्या आत होतो. गाडी पकडण्यात फारसं अवघड काही नाही. लोक अडकतात ते गाडीच्या आधीच्या दोन किलोमीटरमध्ये, चुकीच्या स्टेशनवर उतरण्यात आणि परतीच्या हिशोबात.

[दृश्य: धक्क्यावरून निघणारी बंदराची बस, बसच्या काचेतून दिसणारा किल्ला]

क्रूझ जहाजं बंदराच्या लांबच्या धक्क्यांवर लागतात. मध्ये मालवाहतूक चालते, त्यामुळे तिथून पायी बाहेर पडता येत नाही. जहाजाखालीच बंदराची मोफत बस उभी असते. ती सोडते लार्गो देल्ला पाचे या चौकात. तिथे माहितीकक्ष, तिकीट खिडक्या आणि टॅक्सीवाल्यांचा गलका, असं सगळं एकदमच समोर येतं. "रोम, रोम" असं ओरडत कुणी पुढे आला तर तो खाजगी गाडीवाला. सरकारी गाडीला कुणी हाका मारत नाही.

या चौकातून रेल्वे स्टेशन पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. चालायचं नसेल तर इथूनच स्टेशनची स्थानिक बस मिळते. ती मोफत नाही, तेव्हा सुटे युरो हाताशी ठेवा. चालणाऱ्यांनी समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे जायचं. वाटेत एक भक्कम चौकोनी किल्ला लागतो, फोर्ते मिकेलान्जेलो. पोप दुसरा ज्यूलियस याच्या काळात, १५०८ साली त्याचं काम सुरू झालं. किल्ल्यापासून पुढे व्हियाले गारिबाल्दी हा समुद्राकाठचा सरळ रस्ता धरला की दहा-पंधरा मिनिटांत स्टेशन. रस्ता सपाट आहे. वयस्कर मंडळी सोबत असतील तर मात्र जाताना बसच घ्या. पाय रोममध्ये लागणार आहेत.

[दृश्य: स्टेशनची इमारत, तिकीट यंत्राचा पडदा]

आता तिकीट. आपल्याला हवी ती 'रेजोनाले' किंवा 'रेजोनाले व्हेलोचे', म्हणजे साधी प्रादेशिक गाडी. व्हेलोचे कमी ठिकाणी थांबते, भाडं तेच. चिविताव्हेक्किया ते रोमचं साधं तिकीट ४ युरो ६० सेंट. त्याला आरक्षण नाही, ठरावीक आसन नाही, रिकामी जागा दिसेल तिथे बसायचं. तिकीट यंत्रावर इंग्रजीची सोय आहे, पण यंत्र कधीकधी सगळ्यात वर इंटरसिटीसारखी महाग गाडी दाखवतं. ती पंधरा-वीस मिनिटं लवकर पोचवते, पण तिचं तिकीट त्याच गाडीपुरतं चालतं. उन्हाळ्यात खास क्रूझवाल्यांसाठी 'चिविताव्हेक्किया एक्स्प्रेस' नावाची गाडीही सुटते. तिला वेगळं तिकीट लागतं. साधं तिकीट घेऊन तिच्यात चढलात तर टीसी पुरता फरक वसूल करतो.

दुसरा पर्याय दिवसभराच्या पासाचा. त्याचं नाव बिर्ग. या पट्ट्यासाठी तो १२ युरोंना पडतो आणि त्यात प्रादेशिक गाडीचं जाणं-येणं आणि रोममधली मेट्रो, बस, ट्राम असं सगळं येतं. हिशोब करू. रेल्वेचं जाणं-येणं ९ युरो २० सेंट. रोममध्ये मेट्रो किंवा बसचं एक तिकीट दीड युरो. दोन वेळा मेट्रो घेतलीत की १२ युरो २० सेंट झाले, म्हणजे पास वीस सेंटने का होईना स्वस्त. शिवाय रांगेत पुन्हा उभं राहावं लागत नाही, हा खरा फायदा. पण फक्त व्हॅटिकन बघून परतणार असाल तर मेट्रो लागतच नाही, तेव्हा साधी तिकिटंच घ्या. पास स्टेशनातल्या वर्तमानपत्राच्या किंवा तंबाखूच्या दुकानात मिळतो. त्यावर नाव आणि तारीख लिहायला जागा असते, ती पेनाने भरायची. पास मध्यरात्री संपतो, चोवीस तासांनी नाही.

[दृश्य: जवळून, तिकीट यंत्राच्या फटीत जातं, शाईचा ठसा उमटतो]

हे नीट बघा. फलाटावर जाताना भिंतीवर एक छोटं यंत्र दिसतं. कागदी तिकिटाचं टोक फटीत सरकवायचं. यंत्र करकर आवाज करतं आणि तिकिटावर तारीख, वेळ आणि स्टेशनचं नाव उमटतं. तिकीट बाहेर काढून ठसा वाचता येतोय ना, हे पाहा, कारण कित्येकदा शाई वाळलेली असते. ठसा नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, मग पैसे भरलेले असोत वा नसोत. परदेशी पाहुणा म्हणून सूट मिळत नाही, दंड होतो. यंत्र बंद असेल तर तिकिटावर पेनाने तारीख-वेळ लिहा, आणि गाडीत चढल्याबरोबर स्वतःहून टीसीकडे जा. तो तुमच्यापर्यंत येईतो थांबलात तर गोष्ट वेगळी होते. ठसा उमटल्यापासून तिकीट चार तास चालतं. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलं असेल तर ते आत्ता सरकवायचं नाही, संध्याकाळी रोममध्ये सरकवायचं. दोन्ही एकदम ठोकून टाकणारे दर सहलीत एक-दोन भेटतात.

मोबाइलवर तिकीट काढलं तर कागदाचा प्रश्न नाही, पण २०२३ पासून प्रादेशिक गाडीच्या डिजिटल तिकिटाला गाडीत चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. त्यासाठी फोनवर इंटरनेट हवं. जहाजाच्या वायफायच्या भरवशावर निघालेल्यांची इथेच पंचाईत होते.

[दृश्य: गाडीच्या खिडकीतून सांता मारिनेल्लाचा किनारा]

गाडीत उजव्या बाजूला बसा, सांता मारिनेल्लाच्या आसपास समुद्र अगदी लगत येतो.

आता महत्त्वाचं, उतरायचं कुठे? गाडी रोममध्ये शिरल्यावर एकामागून एक चार कामाची स्टेशनं घेते : सान पिएत्रो, त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से आणि शेवटी तेर्मिनी. बहुतेक जण तेर्मिनीपर्यंत बसून राहतात, कारण ते मोठं, ओळखीचं नाव. व्हॅटिकन बघायला निघालेला माणूस अशाने आधी व्हॅटिकनच्या शेजारून पुढे जातो, शहराला वळसा घालतो आणि मग मेट्रोने पुन्हा उलटा येतो. तासभर असाच जातो.

व्हॅटिकन पाहायचं तर सान पिएत्रोला उतरा. चिविताव्हेक्कियापासून पाऊणएक तास. स्टेशनच्या बाहेरूनच सेंट पीटर्स बॅसिलिका या मोठ्या चर्चचा घुमट दिसतो, तिच्यासमोरच्या चौकापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची चाल. फक्त संग्रहालय आणि सिस्टाइन चॅपलचं दार चौकात नाही. ते तटबंदीच्या उत्तर अंगाला, व्हियाले व्हातिकानो रस्त्यावर आहे. चौकापासून आणखी पंधरा-वीस मिनिटं तटाच्या कडेने. वेळ ठरवून तिकीट काढलं असेल तर ही चाल हिशोबात धरा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; इथे सलवार-कुर्ता किंवा साडी नेसलेल्यांना काहीच चिंता नाही, अडवले जातात ते अर्ध्या चड्डीतले. बुधवारी सकाळी पोप यांची जाहीर भेट असेल तर बॅसिलिका दुपारपर्यंत बंद राहू शकते. रविवारी संग्रहालय बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार वगळता.

कोलोसियम पाहायचं तर ओस्तिएन्सेला उतरा. स्टेशनखालच्या भुयारी वाटेने पिरामिदे नावाचं मेट्रो स्टेशन लागतं. बी मार्गाची गाडी घ्या, चिर्को मास्सिमो हे पहिलं, कोलोसेओ हे दुसरं. दुसऱ्याला उतरून बाहेर आलात की कोलोसियम समोर. तेर्मिनीहूनही दोनच थांबे आहेत, पण तेर्मिनीच्या पसाऱ्यात मेट्रो शोधण्यात पंधरा मिनिटं जातात.

त्रास्तेव्हेरेहून आठ नंबरची ट्राम जुन्या शहराच्या मध्यभागाकडे जाते. पँथिऑन आणि आसपासच्या गल्ल्यांसाठी ती सोयीची.

तेर्मिनीला उतरायचं ते स्पॅनिश पायऱ्या किंवा त्रेव्ही कारंजं पाहायचं असेल तरच. तिथून मेट्रोच्या ए मार्गावर थांबे येतात रेपुब्लिका, बार्बेरिनी आणि पायऱ्यांजवळचं स्पान्या. कारंज्यासाठी बार्बेरिनीला उतरून चालत जा.

एका दिवसात व्हॅटिकन आणि कोलोसियम दोन्ही होतं का? बाहेरून होतं. आतून दोन्ही पाहायचा आग्रह धरलात तर दिवस रांगांमध्ये आणि घड्याळाकडे बघण्यात संपतो. एक आतून पाहा, दुसरं बाहेरून.

खिसेकापू मेट्रोच्या ए मार्गावर आणि ६४ नंबरच्या बसमध्ये हमखास असतात. पाकीट मागच्या खिशात ठेवू नका, पाठीवरची पिशवी पुढे घ्या. दारं बंद होण्याच्या क्षणी दाराशी होणारी रेटारेटी ही त्यांची वेळ.

[दृश्य: घड्याळ, जहाजाची दैनिक पत्रिका, 'सर्व प्रवासी जहाजावर' ही ओळ]

परतीचा हिशोब उलटा करायचा. समजा, सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ सहा आहे. म्हणजे लार्गो देल्ला पाचेला पाच वाजता उभं असायला हवं, कारण संध्याकाळी बंदराच्या बसला सगळ्या जहाजांची रांग एकदम लागते. त्यासाठी स्टेशनवर साडेचारला उतरायला हवं. तेर्मिनीहून गाडीला सव्वा तास धरा, म्हणजे निघायचं सव्वातीनला. पण या गाडीच्या भरवशावर राहू नका. तिच्या आधीची पकडा, म्हणजे ती रद्द झाली तरी मागची हाताशी राहते. साध्या दिवशी तासाला दोनेक गाड्या मिळतात, रविवारी आणि सणाच्या दिवशी कमी.

आणखी एक खाच घड्याळाची. ग्रीसमधून आलेल्या जहाजावर फोन आपोआप एक तास मागे जातो, कारण इटली ग्रीसच्या एक तास मागे आहे. जहाजाने मात्र घड्याळ बदललंय की नाही, हे उतरण्यापूर्वीच विचारून घ्या. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने लागू होते.

[दृश्य: तेर्मिनीचा फलकांनी भरलेला दर्शनी भाग, मग लांबच लांब फलाट]

तेर्मिनीत आपली गाडी बहुधा पंचविसाच्या पुढच्या फलाटांवरून सुटते, आणि हे फलाट मुख्य दालनाच्या ओळीत नाहीत. सीएसएमटीत लोकलच्या बाजूने शिरून अठरा नंबरचा फलाट गाठण्यासारखा प्रकार आहे, तोही सामान घेऊन धावणाऱ्यांच्या गर्दीतून. दहा मिनिटं राखून ठेवा. फलकावर 'बिनारिओ' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर आणि त्यापुढचा आकडा मिनिटांचा. 'चिविताव्हेक्किया' हे नाव शेवटचं ठिकाण म्हणून दिसलं नाही तरी घाबरू नका. ग्रोस्सेतो किंवा पिसाकडे जाणारी प्रादेशिक गाडीही वाटेत तिथे थांबते. उलट काही गाड्या अलीकडे लादिस्पोलीपर्यंतच जातात, त्यांत बसायचं नाही. मधले थांबे फलकावर सरकत्या अक्षरांत येतात, ते वाचून मगच चढा.

सकाळी सान पिएत्रोला उतरला असाल तर परतही तिथूनच चढा. फलाट मोजके, चाल कमी.

संप. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि बऱ्याचदा शुक्रवारी येतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत ठरलेल्या प्रादेशिक गाड्या सोडाव्या लागतात. क्रूझवाल्यांचा घोटाळा असा, की सकाळी ते हमीच्या वेळेत रोमला पोचतात आणि परतायचं असतं दुपारी तीन-चारला, जेव्हा हमी नाही. संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा जहाज सुटायच्या बेतात असतं. तेव्हा 'शोपेरो', म्हणजे संप, हा शब्द स्टेशनच्या सूचनांमध्ये दिसला तर त्या दिवशी जहाजाचीच बस घ्या. तिथे पैसे वाचवू नका, कारण जहाज स्वतःच्या सहलीची बस आल्याशिवाय सहसा निघत नाही. स्वतःहून गेलेल्यांसाठी ते थांबत नाही.

गाडी चुकलीच आणि वेळ थोडा उरला, तर टॅक्सी करा. रोम ते बंदर भाडं शंभर युरोंच्या पुढे जातं, आणि संध्याकाळच्या रहदारीत ती रेल्वेपेक्षा लवकर पोचेलच असं नाही. भाडं बसण्याआधी ठरवा.

[दृश्य: दैनिक पत्रिकेचा तळ, बंदरातल्या एजंटचा फोन नंबर]

जहाजाच्या रोजच्या पत्रिकेत बंदरातल्या एजंटचं नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. उतरताना तेवढा कागद खिशात ठेवा. भूमध्य समुद्रात काही जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात. तसं असेल तर पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाच्या पानाची छायाप्रत जवळ हवी. जहाज निघून गेलं तर पहिला फोन एजंटला. पुढचं बंदर नेपल्स किंवा लिव्होर्नो असेल तर रेल्वेने काही तासांत, स्वखर्चाने गाठता येतं. पण पुढचं बंदर तुर्कस्तानासारख्या, शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेरच्या देशात असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथला व्हिसा आपल्याकडे आहे का, आणि शेंगेन व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे का, हे दोन्ही तपासावं लागतं.