एक सूत जागा

(पटाशीवर पडणाऱ्या मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोडीचा, आवाज. कौलारू पडवी, सकाळचं ऊन.)

कुडाळजवळची एक वाडी. चैत्र नुकताच लागलाय. मेस्त्रीकाका जमिनीवर बसलेत, चौरंगाचा फणसाच्या लाकडाचा पाय दोन्ही तळपायांत घट्ट धरून. समोर टेबल नाही, शिकंजा नाही. नुकताच तासलेला फणस हळदीसारखा पिवळा असतो. वर्षं सरतात तसा तांबूस होतो, मग तपकिरी.

सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच जिल्ह्यात घरोघरी गणपती ज्या चौरंगावर बसतो, तो कसा जमतो हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मी तेच शिकायला आलो.

पहिले पंधरा दिवस निसण्यावर पटाशीला धार लावण्यात गेले. मग कुसू, म्हणजे भोकात बसणारी लाकडाची जीभ. पायाला भोक पाडायचं, पट्टीच्या टोकाला कुसू काढायचं. करवत रेघेच्या बाहेरून चालवायची, उरलेलं पटाशीनं काढायचं, पण अर्धी रेघ लाकडावर दिसत राहिली पाहिजे. कुसू हाताच्या दाबानं अर्धं आत जावं, बाकीचं मोगरीच्या तीन-चार घावांत. मग आरपार बांबूची मेख. खिळा एकही नाही.

रंधा मारताना मी डोळे लाकडावर लावून बसायचो. काका म्हणाले, "आवाज ऐक." लाकडाच्या रेषांच्या दिशेनं रंधा गेला की तो सुरसुरतो, उलटा गेला की खरखरतो. हे कळायला मला महिना लागला.

वैशाखात माझा पहिला चौरंग जमला. सोळा इंच रुंद फळी मी चौकटीच्या खाचेत अगदी गच्च बसवली होती. कुठे फट म्हणून नाही! काकांनी तो उचलून पाहिला आणि काही न बोलता पडवीच्या कोपऱ्यात ठेवला.

(पाऊस. कौलांवरून ओघळणाऱ्या धारा.)

आषाढात कोकणातली दारं फुगतात, खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत. लाकूड हवेतला ओलावा पितं. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. माझ्या फळीला वाढायला जागाच नव्हती. तिनं चौकट रेटली आणि एका सकाळी कोपऱ्यातला सांधा उघडा पडलेला दिसला. मला रडू आलं. काकांनी मेख ठोकून काढली, फळी सोडवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"दोनय बाजूंनी एक सूत सोड."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फळी खाचेत नुसती टेकलेली हवी, सरस लावून चिकटवलेली नको. आणि हे सगळं उन्हाळ्यात करायचं असतं, भाद्रपदातल्या हवेचा अंदाज मनात धरून.

(गणेश चतुर्थीची सकाळ. घरात लगबग.)

दुसरा चौरंग माटवीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीखाली, मांडलाय. मूर्ती अजून यायची आहे. काका वाकतात, फळी आणि चौकट यांच्यामधून नख फिरवतात. फट बुजली आहे. चारी सांधे मिटलेले आहेत.

"हाड आता," म्हणजे आण आता, ते म्हणतात, आणि मूर्तीसाठी वाट मोकळी करून देतात.