पोराची पहिली रायफल वाढत्या मापाची घेऊ नका

मंडळी, विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो आणि वर्गातल्या मित्रांचं ऐकून आपली पोरंही मागे लागतात, मला पण जायचंय. आपल्या घरात कुणी शिकार केलेली नसते, भारतात १९७२ च्या कायद्यानंतर ती जवळजवळ बंदच, मग आईबाप थेट दुकानात जातात आणि दाखवतील ते घेऊन येतात.

माझ्या भाच्याचं हेच झालं. तेरा वर्षांचा, अंगाने काडी. दुकानदाराने थ्री हंड्रेड विन मॅगची रायफल काढली, खांद्याला जबर दणका देणारं मोठं काडतूस. म्हणाला हीच घ्या, पोरगं वाढतंय, उद्या एल्कसारख्या मोठ्या हरणालाही चालेल. दाजींना पटलं, शाळेचा युनिफॉर्म आपण दोन बोटं मोठाच घेतो ना. पण युनिफॉर्म ढगळ असला तर बाह्या दुमडता येतात. इथे दस्ता लांब, म्हणून पोरगं मान पुढे काढून बसलेलं, पहिल्याच गोळीला स्कोपची, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीची, कड भुवईवर बसली. तरी पाच गोळ्या झाडल्या त्याने. मग हळूच म्हणाला, मामा, आज बास.

नोव्हेंबरात साठ यार्डांवर मादी उभी, पूर्ण कूस आमच्याकडे. गोळी पोटात लागली. ओकच्या वाळक्या पानांवर रक्ताचे थेंब शोधत आम्ही रात्री दहापर्यंत टॉर्च घेऊन फिरलो, सापडली नाही. गाडीत पोरगं एक शब्द बोललं नाही. मला आजही त्या दुकानदाराचा राग येतो, आणि पोराचा अजिबात नाही.

नंतर नेमबाजीच्या रेंजवर मी खऱ्या काडतुसांत त्याच्या नकळत डमी, म्हणजे न उडणारी खोटी काडतुसं, मिसळली. चाप ओढला, नुसतं टिक. आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं आणि डोळे गच्च मिटलेले. दणका यायच्या आधीच अंग दणका खात होतं. नेम तिथेच जातो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे, तर भरभर सांगतो. पहिल्या रायफलीला काडतूस टू-फोर्टी-थ्री विंचेस्टर घ्या, १९५५ चं, थ्री-ओ-एट नावाच्या काडतुसाचीच केस, म्हणजे पितळी नळी, तोंडाशी आवळून केलेलं. सारख्या वजनाच्या रायफलीत थर्टी-ऑट-सिक्स या मोठ्या काडतुसाचा दणका याच्या साधारण दुप्पट. गोळी ९५ ते १०० ग्रेन वजनाची, हरणासाठी बनवलेलीच घ्या, ५५-५८ ग्रेनवाली छोट्या जनावरांची, ती फुटते, आत जात नाही. पोरगं जरा थोराड असेल तर सेव्हन एमएम झिरो-एट किंवा सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर ही काडतुसं, दणका थोडा जास्त पण सोसण्यासारखा, आणि गोळी जड. व्हाइटटेलला, म्हणजे इथल्या हरणाला, यातलं काहीही पुरतं, गोळी पुढच्या पायाच्या लगेच मागे छातीत गेली तर. शंभर यार्डांपलीकडे पहिल्या वर्षी झाडूच देऊ नका.

आणि हो, मुलांसाठीची हलकी युथ रायफल बघून भुलू नका, रायफल हलकी की दणका वाढतो. दस्ता मात्र आखूडच हवा. आधी पॉइंट टू-टूच्या छोट्या काडतुसाच्या रायफलीवर भरपूर सराव, पण ती हरणासाठी नाही, इथे कायद्यानेही नाही. कानात फोमचे प्लग आणि वरून मफ, दोन्ही, कारण अर्धी भीती आवाजाचीच असते. डमी काडतुसं मी आणलीत, बाहेरच्या टेबलावर आहेत, हातात घेऊन बघा.