पंधरा मिनिटे आणि देवघेवीची वही

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यातील एका सार्वजनिक वाचनालयात मी काही वर्षांपासून किशोर विभागाचे काम पाहते. काही महिन्यांपूर्वी बालक आणि किशोर वाचकांसाठी काम करणाऱ्या ग्रंथपालांची एक परिषद वाशी येथे झाली आणि तीत पंधरा मिनिटे बोलण्यासाठी मला बोलावण्यात आले. त्या पंधरा मिनिटांविषयी मी आज बोलणार आहे. माझ्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात मी वर्गीकरण शिकले, तालिकीकरण शिकले, दाखल नोंदवही कशी भरावी हेही शिकले; मात्र आपण केलेले काम आपल्याच व्यवसायातील माणसांपुढे कसे मांडावे, याचा एकही तास त्यात नव्हता.

माझा पहिला मसुदा वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासापासून सुरू होत होता. त्यानंतर १८९३ साली ठाण्यात स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, त्यानंतर १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, आणि त्यानंतर डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त, अशी ती वरात होती. माझे स्वतःचे वाचनालय पाचव्या पानावर येत होते. मसुदा घड्याळ लावून मोठ्याने वाचला, तेव्हा एका पानाला जवळजवळ अडीच मिनिटे लागतात असे दिसले. म्हणजे दहा मिनिटे मी सभागृहाला, त्यातील प्रत्येकाला पाठ असलेल्या गोष्टी ऐकवणार होते. ती चारही पाने मी काढून टाकली. ठेवला तो रंगनाथनांचा एकच सिद्धान्त, ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’. कारण चौदा वर्षांच्या मुलापाशी येऊनच तो आपल्याकडे अडतो.

कसा अडतो, ते थोडे विस्ताराने सांगते. अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेत किशोरसेवेसाठी १९५७ पासून स्वतंत्र विभाग आहे आणि बारा ते अठरा हा वयोगट तो आपला मानतो. आमच्या वाचनालयात मात्र एका टोकाला बालविभाग आहे, दुसऱ्या टोकाला मोठ्यांची देवघेव आहे, आणि मधल्या वयासाठी जागा आहे ती वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत. सातवीपर्यंत उड्या मारत येणारे मूल नववीत क्लासला लागते आणि देवघेवीच्या वहीतून, म्हणजे पुस्तके नेल्या-आणल्याच्या नोंदीतून, नाहीसे होते. काही वर्षांनी तेच मूल पाठीवर दप्तर आणि हातात पाण्याची बाटली घेऊन अभ्यासिकेत परत येते, सकाळी सातला जागा धरते, आणि वाचते ती घरून आणलेली स्पर्धापरीक्षेची पुस्तके. आमच्या कपाटांकडे ते ढुंकूनही पाहत नाही. इमारत तरुणांनी भरलेली आहे, म्हणून कार्यकारिणी समाधानी असते. वही मात्र वेगळेच सांगत असते. परिषदेत मांडण्यासारखे माझ्याजवळ जे होते, ते या वहीत होते.

आम्ही केलेला प्रयोग अगदी साधा होता. शनिवारी संध्याकाळी क्लास सुटण्याच्या वेळी अभ्यासिकेच्या जिन्यापाशी एक टेबल मांडायचे, त्यावर नवी पुस्तके आणि मासिके ठेवायची, आणि शेजारी एक कोरा अर्ज ठेवायचा: वाचनालयाने कोणते पुस्तक विकत घ्यावे, ते कोण वाचेल, आणि का. किशोर विभागाच्या पुस्तकखरेदीतील एक छोटा हिस्सा या अर्जांवरून खर्च करायचा. पहिल्या महिन्यात तीन अर्ज आले आणि त्यातील दोन चक्क गाइडांसाठी होते. दुसऱ्या महिन्यात आम्ही टेबल जिन्यापासून हलवून पाण्याच्या फिल्टरजवळ नेले, कारण मुले जिन्यावर थांबत नाहीत, पाणी भरायला मात्र थांबतात. अर्ज वाढले ते त्यानंतर. टेबलाची जागा ही गोष्ट मला आधी इतकी क्षुल्लक वाटली होती, की माझ्या गोषवाऱ्यात तिचा उल्लेखच नव्हता. परिषदेत मात्र सर्वांत जास्त पेन चालले ते याच वाक्याला.

हे आधी कळले असते, तर माझा बराच वेळ वाचला असता. आपल्या परिषदांतून बहुधा यश मांडले जाते: उपक्रमाला उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला, पालकांनी कौतुक केले, मान्यवरांनी भेट दिली. ऐकणाऱ्याने त्याचे करायचे काय? सभागृहात बसलेली एखादी ग्रंथपाल मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील, शासनाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयातून आलेली असते. ती एकटीच कुलूप उघडते, झाडते, देवघेव करते, अनुदानाचे कागद भरते. तिला हवी असते ती कृती, आणि त्या कृतीत आपण कोठे चुकलो याचा हिशोब. अमेरिकेतील ग्रंथपालांच्या परिषदांत सत्राचा प्रस्ताव मागवतानाच, श्रोता या सत्रातून काय शिकून जाईल, हे लिहून मागण्याची पद्धत आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते. मी तो प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर एका ओळीत लिहिले: श्रोत्याने येत्या शनिवारी आपल्या वाचनालयात एक टेबल मांडावे. ज्या परिच्छेदाचा त्या टेबलाशी संबंध नव्हता, तो गेला. शेवटची कापाकापी ठाण्याहून वाशीला जाताना ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये झाली. ऐरोली गेले तेव्हा आठ पाने होती, तुर्भ्याला सहा.

एक परिच्छेद मात्र मी वेगळ्या कारणासाठी काढला. आमच्याकडे एका मुलीने वयात येण्याविषयीचे एक पुस्तक दोन कादंबऱ्यांच्या मध्ये लपवून काउंटरवर आणले होते. ते पुस्तक तिने तीन वेळा नेले, आणि शेवटच्या वेळी परत करताना आत एक चिठ्ठी ठेवली. किशोर विभाग कशासाठी असतो, हे सांगायला याहून चांगला प्रसंग माझ्याजवळ नव्हता, आणि सभागृह हेलावले असते हेही मला ठाऊक होते. माझ्या एका सहकाऱ्याने मसुदा वाचून एवढेच विचारले, की परिषदेला आपल्या वॉर्डातील किती माणसे असतील. नाव मी घेतले नव्हते. पण वाचनालय एक, विभाग एक, मुलीची इयत्ता सांगितलेली. शोधून काढायला कितीसा वेळ लागणार? वाचकाने काय वाचले हे ग्रंथपालाने गुप्त ठेवावे, असे अमेरिकी ग्रंथालय संघटनेची नीतिसंहिता सांगते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. मला अडवले ते कायद्याने नव्हे. ती चिठ्ठी तिने मला लिहिली होती, परिषदेला नव्हे. आज रेडिओवरही तिचा उल्लेख मी करते आहे तो इयत्ता, वर्ष आणि पुस्तकाचे नाव वगळून, तिला विचारून. आणि चिठ्ठीत काय होते हे मी सांगणार नाही. मुलांची छायाचित्रेही मी पडद्यावर दाखवली नाहीत. रिकामे टेबल, फिल्टर आणि भरलेला एक अर्ज, नावाची ओळ झाकून, एवढे पुरले.

आता वेळेविषयी. आपल्या परिषदेत दीपप्रज्वलन असते, स्वागत असते, शालीऐवजी हल्ली पुस्तक देऊन सत्कार असतो, प्रास्ताविक असते, बीजभाषण असते, आणि हे सारे उशिरा सुरू होते. जेवणापूर्वीच्या सत्रातील वक्त्याला दिलेली पंधरा मिनिटे त्यामुळे आठवर येतात, आणि सत्राध्यक्ष त्याला हळूच चिठ्ठी पाठवतात. यावर रागावण्यात अर्थ नाही. मी सहा पानांपैकी तीन पानांच्या समासात लाल खूण करून ठेवली होती: वेळ कमी पडला तर एवढेच वाचायचे. ती खूण कामी आली. दुसरी सावधगिरी अक्षरांविषयी. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात लिहिलेले मराठी परक्या संगणकावर उघडले की पडद्यावर नुसती चिन्हे उमटतात. माझ्या आधीच्या वक्त्यांची पाच मिनिटे त्यातच गेली. युनिकोडमध्ये लिहावे आणि पीडीएफ करून न्यावे.

परिषद मंगळवारी होती. माझ्याबरोबर अकरावीतील एक मुलगा बोलणार होता, अर्जांची छाननी तोच करतो. पण त्या दिवशी त्याची चाचणी होती. किशोरांसाठीच्या परिषदेला किशोर येऊ शकणार नाहीत असा वार का निवडतात, हे मला अजून कळलेले नाही. त्याने आपले म्हणणे लिहून दिले होते, ते मी वाचून दाखवले. त्यातील एक वाक्य असे होते, की मॅडम आमचे अर्ज वाचतात पण नाकारतात तेव्हा कारण लिहीत नाहीत. ते वाक्य गाळावे असे मला एकदा वाटले होते.

प्रश्नोत्तरांना जेमतेम दोन मिनिटे उरली. मागच्या रांगेतील एका वयस्क ग्रंथपालांनी उभे राहून विचारले, “ताई, मुलांनी मागितलेले पुस्तक कार्यकारिणीला पटले नाही, तर तुम्ही काय करता?” माझ्या सहाही पानांत कार्यकारिणीचे नाव नव्हते. खरे तर दोन पुस्तकांवरून आमच्याकडे चांगलीच खडाजंगी झाली होती, आणि घरचे भांडण चव्हाट्यावर नको म्हणून मी ते गिळले होते. मी तसे सांगितले. एक पुस्तक आम्ही घेतले, दुसरे घेतले नाही, आणि न घेतलेल्या पुस्तकाचे कारण त्या मुलाला आम्ही अद्याप लेखी दिलेले नाही, हेही सांगितले. सभागृहात हशा पिकला, आणि मग जेवणाची सुट्टी झाली तरी सात-आठ जण माझ्याभोवती उभे राहिले. प्रत्येकाजवळ आपापल्या कार्यकारिणीची एक हकिगत होती. त्या गृहस्थांनी आमचा अर्ज निमंत्रणपत्रिकेच्या मागे उतरवून घेतला आणि त्यात स्वतःच्या हाताने चौथी ओळ वाढवली: ‘नाकारल्यास कारण आणि सही’.

तो चौथा रकाना आता आमच्याही अर्जावर छापला आहे. गेल्या शनिवारी त्यात पहिली सही झाली, आणि ती अध्यक्षांची आहे.

नमस्कार.