न वाळलेला जोड

(दृश्य: अंगठा आणि तर्जनी. दोघांच्या मधे काळी तार, ताणली जाते, तुटत नाही.)

पाक झाला का हे बघायला घरात अशीच तार ओढून बघतात. हा मात्र पाक नाही. गाडीच्या छताच्या जोडात भरलेला पीयू सीलर, म्हणजे फट बुजवायचा पॉलियुरेथेनचा चिकट माल, आहे आणि तो भरून आज आठ दिवस झालेत. एव्हाना त्याचं रबर व्हायला हवं होतं. झालंय ते एवढंच, की गुरुजींच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर एक काळा पट्टा उमटलाय आणि तो आता कुठल्याही साबणाने जाणार नाही.

(दृश्य: गॅरेज. उघडी डिकी, भिंतीला टेकवलेले दरवाजे.)

धुळ्यात, पारोळा रोडला, पत्र्याच्या छपराखाली हे डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. मे संपत आलाय. आखाजी होऊन गेली, मृग दहा-बारा दिवसांवर आलाय. ज्याची गाडी गळते तो प्रत्येक जण या दिवसांत इथे येऊन जातो.

गुरुजींची गाडी बारा वर्षांची. गेल्या पावसाळ्यात डाव्या सीटपुढे, पायाखाली पाणी साचायचं. दरवाजाचं रबर बदललं, पाणी आलंच. पुढच्या काचेची कडा भरून घेतली, तरी आलंच. गळतीत पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे वेल्डिंगने जोडलेला असतो तिथे एक बारीक पन्हाळ असते, तिच्यावर काळी पट्टी बसवलेली असते. पट्टीखालचा मूळ सीलर उन्हाने तडकला, की पाणी तिथून आत शिरतं, काचेच्या बाजूच्या खांबातून उतरतं आणि थेट कार्पेटखाली जातं. कार्पेट वरून दोन दिवसांत सुकतं. खालचं जाड अस्तर कितीतरी दिवस ओलं राहतं, आणि त्याच्याखाली पत्रा गंजत असतो.

हे सगळं मिस्त्रींनी बरोबर ओळखलं होतं. पट्ट्या काढल्या, जुना सीलर खरवडला, नवा भरला, पट्ट्या परत बसवल्या. डावी बाजू आणि लगे हात उजवीही. आणि आठ दिवसांनी गुरुजी बाही दाखवत दारात उभे.

"काय व्हयनं गुरुजी?"

गुरुजींनी काही न बोलता बाही पुढे केली.

(दृश्य: भर दुपार. रस्त्यावर कुणी नाही.)

मी मनातल्या मनात दोष धुळ्याच्या हवेला दिला. कारण पीयू सीलर वाळत नाही, वाळून घट्ट होण्यातला तो मालच नव्हे. तो हवेतली वाफ पितो आणि तिच्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. पाणी अडवायला भरलेला माल, आणि त्यालाच आधी पाणी लागतं. मग खानदेशातल्या या भट्टीत त्याला वाफ मिळणार कुठून?

तर्क छान होता. गणित केलं आणि पडला. कंपन्या सीलरचा वेग सांगतात तो बहुधा 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेचा. तेवढ्या हवेत एका घनमीटरमागे साधारण 10 ग्रॅम वाफ असते. धुळ्याच्या 43 अंशांत, 15 टक्के आर्द्रतेला, ती भरते 9 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे टक्के घसरले तरी वाफ फारशी घटत नाही, कारण तापलेल्या हवेत मुळात वाफ जास्त मावते. शिवाय उष्णतेने क्रिया वेग घेते. हवेचा गुन्हा फार तर किरकोळ.

मिस्त्रींनी असलं काही गणित केलं नाही. त्यांनी फळीवरून तीच ट्यूब उचलली, आठ दिवसांपूर्वी अर्धी वापरलेली. नोझल पिळून काढलं आणि पक्कडीने त्यातला गट्टू ओढला.

(दृश्य: जवळून. नोझलमधून बाहेर येणारा काळा गट्टू, मिरचीएवढा. वाकवला तर परत सरळ होतो.)

आख्खा रबर. म्हणजे माल चांगला आहे, तारीख गेलेली नाही, आणि याच पत्र्याखाली, याच हवेत तो नीट घट्ट झालाय. मग छतावरच काय बिघडलं?

मिस्त्रींनी पोऱ्याला हाक मारली. जोड कशाने पुसला होतास?

थिनरने. दोनदा पुसला, म्हणाला. चांगला ओला करून. आणि मग? मग लगेच माल भरला, तुम्हीच घाई करत होता.

पोऱ्याचं उत्तर खरं होतं, म्हणून मिस्त्री त्याला काही बोलले नाहीत. रंगकामाच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बहुतेकदा अल्कोहोलही असतं. उघड्या पत्र्यावरून ते उडून जातं, पण जोडाच्या चिरेत शिरलं की तिथेच बसतं. सीलरच्या रेणूंच्या टोकांना आयसोसायनेटचे आकडे असतात, ब्लाऊजच्या हुकासारखे. पाण्यामुळे एक आकडा दुसऱ्यात अडकतो, साखळी वाढत जाते, रबर होतं. अल्कोहोलही त्याच आकड्यात जाऊन अडकतं, पण त्याला पुढे धरायला दुसरं टोक नसतं. तो आकडा कायमचा गेला. असे पुष्कळ आकडे गेले की माल चिकटच राहतो, मग त्याला आठ दिवस ऊन दाखवा नाहीतर आठ महिने.

तरी मिस्त्रींनी खात्री केली. पत्र्याच्या तुकड्यावर ट्यूबमधून दोन ठिपके टाकले, एक कोरड्या जागी, एक थिनरने ओल्या केलेल्या. आणि गुरुजींना म्हणाले, उद्या या.

(दृश्य: सकाळ. पत्र्यावर बोट. एक ठिपका दबतो आणि उसळतो. दुसऱ्याची तार निघते.)

गुरुजींचं म्हणणं होतं, वरून आणखी एक थर मारून टाका. मिस्त्रींनी मान हलवली. खालचा चिखल तसाच राहणार आणि वरचा थर त्याच्यासकट सरकणार. बरं, मग सिलिकॉन? त्यावर रंग धरत नाही, आणि ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज चढवतं. कच्चा माल पूर्ण काढणं, एवढा एकच मार्ग उरतो.

हे काम कंटाळवाणं आहे आणि कॅमेऱ्यात तो कंटाळा उतरत नाही. बांबूची चिपाटी, जुनं एटीएम कार्ड, आणि चिंध्या. लोखंडी पट्टी नाही, प्रायमर निघतो. चिंधी एकदा पुसून टाकून द्यायची, उलटून वापरली की काढलेला माल परत लागतो. हातमोजे मिस्त्री आणि पोऱ्या, दोघांनीही घातले नव्हते. घालायला हवे होते. जोड टर्पेंटाइनने पुसला, हीट गनने चिरा गरम करून घेतल्या, आणि मग गाडी संध्याकाळपर्यंत नुसती उघडी ठेवली. दोन जागी गंजाचे लाल डोळे दिसले. ते घासून प्रायमर मारला. तो सुकेपर्यंत अजून एक रात्र.

तिसऱ्या दिवशी दोन्ही कडांना टेप लावून नवा सीलर भरला. जाड नाही, तीन मिलिमीटरच्या आत. चोवीस तासांत साधारण एवढाच थर घट्ट होतो, आणि जाडी दुप्पट केली की वेळ दुप्पट नाही, जवळपास चौपट लागतो, कारण वाफेला आधी घट्ट झालेल्या थरातून आत जावं लागतं. पट्टी या वेळी लगेच बसवली नाही. गेल्या वेळी ती बसवून वाफेची वाटही बंद केली होती, हे मिस्त्रींनी स्वतःहून सांगितलं.

मग त्यांनी स्वतःवर असलेला कूलर गाडीकडे वळवला. ओली हवा. दोन दिवस गाडी गारव्यात उभी होती आणि मिस्त्री घाम पुसत तिच्या बाजूला काम करत होते.

(दृश्य: आत, छताच्या अस्तराची कडा खाली ओढलेली. पत्र्यावर खडूची पांढरी रेघ.)

खडू गुरुजींचा. थेंब जरी उतरला तरी रेघेवर डाग पडेल. नातू बॅटरी घेऊन आत बसला. मिस्त्रींनी पाईप खालून सुरू केला. आधी दरवाजा, मग काचेची कडा, शेवटी छत. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटं.

"आहे का रे?"

"आबा, पानी नही शे!"

छतावर पाईप पाच मिनिटं चालला. रेघ पांढरीच होती. गुरुजींनी खिशात हात घातला.

मिस्त्रींनी पाईप खाली ठेवला, गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले, तिथली काळी पट्टी नखाने एका टोकाला उचलली आणि बोट आत घातलं.

(दृश्य: अंगठा आणि तर्जनी. मधे तार.)

पोऱ्या चिंध्या आणायला गेला.