टीपकागदातलं बेंझीन

श्रोतेहो, नमस्कार.

आज फक्त दोघांबद्दल बोलायचं आहे, कार्बन आणि हायड्रोजन. तिसरं कोणी नाही. या दोघांतूनच स्वयंपाकाचा गॅस होतो, पेट्रोल आणि रॉकेल होतं, मेणबत्तीचं मेण होतं, कपाटातल्या डांबरगोळ्या होतात आणि दुधाची पिशवीसुद्धा. हे सगळे हायड्रोकार्बन.

कार्बनला चार बंध लागतात, हायड्रोजनला एक. शाळेतलं एवढं आठवत असेल तर आजच्यापुरतं भागेल. आणि एक वाक्य कानात ठेवा, कारण ते मी मधूनमधून पुन्हा म्हणणार आहे: अणू किती आहेत हे सांगून भागत नाही, ते कसे जोडलेत हे सांगावं लागतं.

पेंटेन घ्या. पाच कार्बन, बारा हायड्रोजन. पाचही कार्बन एका ओळीत असतील तर हा द्रव 36 अंश सेल्सिअसला उकळतो. एक कार्बन ओळीतून काढून फांदीसारखा बाजूला लावला की 28 अंशांना. आणि मध्ये एक, त्याच्याभोवती चार, अशी रचना केली तर साडेनऊ अंशांनाच. अणू तेवढेच, वजन तेवढंच. लांबट रेणू एकमेकांना लांबीभर चिकटतात, गोलसर रेणूंना चिकटायला जागाच कमी मिळते, म्हणून ते लवकर सुटतात. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तिन्ही पेंटेन वायू होतील. महाबळेश्वरच्या जानेवारीतल्या एखाद्या कडाक्याच्या पहाटे तिन्ही बाटलीत द्रव राहतील. यांना समघटक म्हणतात.

गॅसचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतं, पाइपलाइनने येतो तो मिथेन. हवेचा सरासरी रेणुभार 29 धरा. मिथेनचा 16, प्रोपेनचा 44, ब्यूटेनचा 58. म्हणजे पाइपचा गॅस गळला तर छताकडे जातो आणि सिलिंडरचा गळला तर फरशीवर पसरतो, ओट्याखाली आणि मोरीत साठतो. सिलिंडरवाल्या घरात नुसती वरची खिडकी उघडून उपयोग नाही, खालून वारा जाईल असं दार उघडावं लागतं. दिव्याच्या बटणाला आणि पंख्याला हात लावायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील तर बाईंना बोल लावू नका, बर्नरची भोकं आणि हवेची झडप बघा. ब्यूटेनच्या दोन रेणूंना पुरतं जळायला ऑक्सिजनचे तेरा रेणू लागतात. ते मिळाले नाहीत की ज्योत पिवळी होते, आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन भांड्याला बसतो.

आतापर्यंतचे सगळे अल्केन. कार्बन-कार्बन एकेरी बंध, सगळ्या जागा भरलेल्या, म्हणून संतृप्त. दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध आला की अल्कीन, उदाहरणार्थ एथिलीन. तिहेरी आला की अल्काईन, उदाहरणार्थ ॲसिटिलीन, वेल्डिंगवाल्याचा गॅस. दुहेरी बंध म्हणजे उघडं दार. ब्रोमीन आलं की तो बंध उघडतो, दोन्ही ब्रोमीन आत येऊन बसतात आणि बाहेर काहीच पडत नाही. याला समावेशन म्हणतात. अल्केनमध्ये जागाच रिकामी नसते, तिथे एक हायड्रोजन बाहेर जातो तेव्हा एक ब्रोमीन आत येतं. हे प्रतियोजन. पुन्हा सांगतो. समावेशनात फक्त आत येणं. प्रतियोजनात एक आत, एक बाहेर.

एथिलीन फळ स्वतःच तयार करतं आणि पिकतं. आंबा पिकवायला एथिलीन वायू हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत वापरायला परवानगी आहे. कार्बाइडला नाही. कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघतं, त्याच्याबरोबर फॉस्फिन आणि आर्सिनचे विषारी अंशही निघतात, आणि फळाचा रंग पुढे पळतो, गोडी मागे राहते. गवताच्या आढीत सावकाश पिकलेल्या हापूसला दुसरा पर्याय नाही, हे माझं ठाम मत. त्याचा रसायनशास्त्राशी संबंध थोडा कमी आहे, मान्य.

आता मला ज्या गोष्टीकडे यायचं होतं तिच्याकडे येतो.

साल 1825. गाव लंडन. रस्त्यांवर आणि घरांत गॅसचे दिवे येऊ लागले होते. नळ पोचला नव्हता तिथे एक कंपनी गॅस भांड्यात भरून घरपोच द्यायची. हा गॅस दगडी कोळशाचा नव्हता. देवमाशाचं किंवा कॉड माशाचं तेल लालबुंद भट्टीत सोडायचं, त्याचा गॅस व्हायचा आणि तो 30 वातावरणं दाबाने लोखंडी भांड्यांत कोंबायचा. पण दाबला की त्यातून एक पातळ द्रव खाली जमायचा. हजार घनफूट गॅसमागे सुमारे एक गॅलन, म्हणजे चार लिटरच्या आसपास. गॅसला झळाळी देणारा भाग या द्रवातच निघून जायचा.

हा द्रव मायकेल फॅरडेच्या टेबलावर आला. रॉयल इन्स्टिट्यूशनची प्रयोगशाळा, वय 33. विजेचा सर्वांत मोठा शोध अजून सहा वर्षं लांब होता. त्या वेळी फॅरडे म्हणजे हाताचा पक्का रसायनशास्त्रज्ञ.

भांड्यातून काढून दाब कमी केला की तो द्रव आपोआप उकळायला लागायचा. म्हणजे त्यात एक पदार्थ नाही, पुष्कळांची मिसळ आहे, हे उघड होतं. फॅरडेने ऊर्ध्वपातन सुरू केलं. दर दहा अंश फॅरनहाइटला भांडं बदलायचं. या दहा अंशांत आलेलं इकडे, पुढच्या दहातलं तिकडे. मग प्रत्येक भाग पुन्हा उकळायचा, पुन्हा तुकडे पाडायचे. मिसळीतला प्रत्येक पदार्थ दुसऱ्याला थोडा बरोबर ओढून नेतो, म्हणून एका फेरीत काहीच शुद्ध येत नाही. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्यावर एक गोष्ट दिसायला लागली. 176 ते 190 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 80 ते 88 सेल्सिअस, एवढ्या टापूत द्रव सर्वांत जास्त जमत होता, आणि तिथेच उकळबिंदू स्थिरावत होता.

इथे पुष्कळ जण थांबले असते. तो थांबला नाही. उकळून वेगळं होत नाही ते गोठवून होईल, असा त्याचा हिशेब. त्याने तो भाग शून्य फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 18 सेल्सिअसपर्यंत थंड केला. नळीत पांढरे स्फटिक आले आणि त्यांच्यामध्ये न गोठलेला द्रव राहिला. द्रव ओतून दिला तरी स्फटिकांना चिकटलेला भाग राहतोच. मग टीपकागद. थंडगार टीपकागदाच्या घड्यांमध्ये ते स्फटिक ठेवायचे आणि दाबायचे, आधी काचेच्या कांडीने, मग पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या ब्रामा प्रेसमध्ये. कागद थंडच हवा. साडेपाच सेल्सिअसच्या वर गेला की स्फटिकच वितळणार आणि माल कागदात जाणार. नको असलेला द्रव कागद पितो, हवं ते घन म्हणून मागे राहतं. शेवटी पाण्याचा अंश काढायला चुन्याच्या कळीवरून पुन्हा ऊर्ध्वपातन.

हाती आला तो रंगहीन द्रव. वास तेलाच्या गॅसचा, थोडा बदामाकडे झुकणारा. गोठताना नऊ भागांचे आठ भाग होतात, हेही त्याने मोजून ठेवलं. पाणी गोठताना फुगतं, हा आक्रसतो. उकळबिंदू त्याने 186 फॅरनहाइट लिहिला, म्हणजे साडेपंच्याऐंशी सेल्सिअस. आजचा आकडा 80.1. गोठणबिंदू मात्र साडेपाच, आजच्याला तंतोतंत.

मग त्याची वाफ तापलेल्या कॉपर ऑक्साइडवरून सोडली. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी होतं, दोन्ही मोजता येतात. उत्तर आलं: वजनाने साधारण बारा भाग कार्बन, एक भाग हायड्रोजन. त्या काळी कार्बनचा अणुभार 6 धरत, त्यामुळे त्याने एका हायड्रोजनला दोन कार्बन असं मांडलं. मोजमाप बरोबर होतं, अणुभाराचं कोष्टक चूक होतं. वाफेची घनता त्याला हायड्रोजनच्या 40 पट मिळाली. खरी 39. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, त्याचा भार 2, म्हणून या पदार्थाचा रेणुभार 39 च्या दुप्पट, 78. सहा कार्बनचे 72 आणि सहा हायड्रोजनचे 6. बेरीज करून बघा. टीपकागदात दाबलेला तो पदार्थ म्हणजे सी सिक्स एच सिक्स, आपलं बेंझीन.

त्याच द्रवातून त्याला आणखी एक चीज मिळाली, आणि ती पुस्तकात फारशी येत नाही. अगदी आधी उडून जाणारा एक वायू. कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण एथिलीनमध्ये असतं तेच, पण घनता दुप्पट. आज आपण त्याला ब्यूटिलीन म्हणू. प्रमाण तेच, पदार्थ वेगळा. त्या काळच्या रसायनशास्त्राला हे पचणं अवघड होतं, कारण घटक आणि प्रमाण एकच म्हणजे पदार्थ एकच, अशी समजूत होती. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने समघटकांची कल्पना नावासह मांडली ती 1830 मध्ये. फॅरडेचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला 16 जून 1825 रोजी.

आता या बेंझीनमध्ये गोम काय? सहा कार्बनच्या संतृप्त हेक्झेनला चौदा हायड्रोजन लागतात. बेंझीनकडे सहाच. आठ कमी. म्हणजे हा महाअसंतृप्त असायला हवा, ब्रोमीनवर तुटून पडायला हवा. तसं होत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने 1865 मध्ये सहा कार्बनचं कडं सुचवलं. स्वतःचीच शेपटी धरणारा साप स्वप्नात दिसला आणि कडं सुचलं, ही गोष्ट त्याने स्वतः पंचवीस वर्षांनी, 1890 मध्ये त्याच्या सन्मानाच्या समारंभात सांगितली. लोकांना स्वप्न आवडतं. मला टीपकागद आवडतो. 1929 मध्ये कॅथलीन लॉन्सडेल यांनी क्ष-किरणांनी एका बेंझीन-वर्गीय स्फटिकाचं कडं मोजलं. कडं सपाट निघालं आणि सहाही बंध सारखे. एकेरी बंध 154 पिकोमीटर असतो, दुहेरी 134. बेंझीनमधला प्रत्येक बंध 139, ना एकेरी ना दुहेरी. तीन दुहेरी बंधांचे सहा इलेक्ट्रॉन सगळ्या कड्याच्या मालकीचे असतात.

याची किंमतही मोजता येते. एक दुहेरी बंध असलेल्या सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन जोडला की दर मोलला सुमारे 120 किलोज्यूल उष्णता निघते. तीन बंधांचे 360 व्हायला हवेत. बेंझीन देतं 208. उरलेले दीडशे म्हणजे त्याचं स्थैर्य. म्हणून ते समावेशन टाळतं आणि लोखंडाचा कीस घातला तर प्रतियोजन करतं.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. बेंझीन कर्करोगकारक आहे, त्यामुळे ब्रोमीनचा रंग जातो का हे बघायची चाचणी हल्ली टोल्युईनवर, म्हणजे एक मिथिल गट (CH3) जोडलेल्या बेंझीनवर, करतात. ब्रोमीन पाण्यात टोल्युईन घालून हलवलं की खालचं पाणी फिकं पडतं, आणि मुलं लिहितात "रंग गेला, असंतृप्त". रंग गेलेला नसतो, वर चढलेला असतो. टोल्युईन पाण्यावर तरंगतं आणि ब्रोमीन त्यात जास्त विरघळतं. वरचा थर नारिंगी दिसला तर अभिक्रिया झालेलीच नाही. आणि परीक्षानळी खिडकीत उन्हात धरू नका. उन्हात टोल्युईनच्या मिथिल गटावर प्रतियोजन होऊन रंग खरंच जातो. तेव्हा तोंडाशी ओला निळा लिटमस धरा. तांबडा झाला तर हायड्रोजन ब्रोमाइड बाहेर पडतोय, म्हणजे प्रतियोजन. रंग गेला आणि लिटमस निळाच राहिला तर समावेशन.

ऊन आलं की बेंझीनही आपला हट्ट सोडतं. फॅरडेने 1825 मध्येच बेंझीन आणि क्लोरीन उन्हात ठेवून पाहिले होते. स्फटिक आले आणि एक दाट चिकट द्रव आला. सहा क्लोरीन कड्याला जोडले गेले होते. हीच बीएचसी, म्हणजे बेंझीन हेक्झाक्लोराइडची कीटकनाशक पावडर, जी पुढे आपल्याकडे शेतात आणि घरांत धुरळली गेली. कीटक मारण्याचा तिचा गुण 1940 च्या दशकात नीट कळला, आणि मग कळलं की त्या पावडरीत सूत्र एकच असलेले अनेक समघटक आहेत. क्लोरीन कड्याच्या वर की खाली, एवढाच फरक. त्यांतला गॅमा तेवढा कीटक मारतो, आणि कारखान्यातल्या कच्च्या मालात तो दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात. म्हणजे शंभर किलो पावडर टाकली तर ऐंशीहून जास्त किलो नुसतीच जमिनीत गेली. त्यातला बीटा समघटक सर्वांत चिवट, वर्षानुवर्षं मोडत नाही, दुधापर्यंत पोचतो. भारतात बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली.

अणू किती ते नव्हे, कसे जोडलेत ते. वेळ झाली. पुढच्या वेळी याच साखळीत ऑक्सिजन घालू आणि अल्कोहोलकडे वळू. नमस्कार.